वर्गाचा ग्रुप आणि मुकी नावे

दरवर्षी प्रवेशाच्या फेऱ्या संपत आल्या, म्हणजे परळ, माटुंगा, दादर, गिरगाव या टापूतील महाविद्यालयांच्या वर्गांना अद्याप कुलपे असतानाच त्यांच्या विद्यार्थ्यांचा एक निराळा वर्ग भरू लागतो. कोणी उत्साही इसम व्हॉट्सॲपवर ग्रुप उघडतो, त्याची लिंक या हातातून त्या हातात जाते, आणि प्राध्यापकांनी पहिली हजेरी घेण्यापूर्वीच शे-सव्वाशे नवागतांची तेथे हजेरी लागलेली असते. पुढे तीन-चार वर्षे वेळापत्रकातील फेरफार, प्रात्यक्षिकांच्या वह्या, जुन्या प्रश्नपत्रिका, परीक्षेच्या अर्जाची मुदत, सहलीची वर्गणी, थट्टामस्करी आणि रुसवेफुगवे हा सारा व्यवहार त्या ग्रुपवरच चालतो. इतका, की ग्रुपबाहेर राहिलेला विद्यार्थी वर्गात बसूनही वर्गाबाहेरच राहतो.

अशा एखाद्या ग्रुपचे वर्षभराचे दप्तर कोणी उलगडून पाहिले, तर त्यात दहा-पंधरा नावे अखंड बोलताना दिसतील, आणि उरलेल्या शंभरांच्या खाती ‘ओके’, ‘थँक्यू सर’ किंवा एखादा उभा अंगठा याखेरीज फारशी जमा आढळणार नाही. सभेत बोलणारे थोडे आणि ऐकणारे पुष्कळ, हा जगाचा शिरस्ताच असल्यामुळे एवढ्यावरून कोणी कोड्यात पडू नये. कोडे आहे ते पुढे. या मुक्या नावांतली कित्येक मुलेमुली अन्यत्र मुळीच मुकी नसतात. लालबागच्या मंडळाच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबावरून वडीलधाऱ्यांना जाब विचारणारा मुलगा, ६ डिसेंबरला शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहून अनोळखी माणसांशी तासन्‌तास वाद घालणारी मुलगी, आपल्या चाळीच्या ग्रुपवर रात्री बारापर्यंत कोणास झोपू न देणारा बोलघेवडा, हे सारे वर्गाच्या ग्रुपात पाऊल टाकताच अंगठ्यावर येऊन थांबतात. मोबाईल तोच, बोटे तीच, माणूसही तोच. मग एका ठिकाणी फुटणारी वाचा दुसऱ्या ठिकाणी बसते कशाने?

‘स्वभाव एकेकाचा’ हे उत्तर सोयीचे असले, तरी ज्याचा स्वभाव ग्रुपागणिक बदलतो त्याच्या बाबतीत ते लागू पडत नाही. मौन वाटेल त्याच्या वाट्याला आले असते तर गोष्ट वेगळी होती. परंतु दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त समाजांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली, वसतिगृहात राहणारी मुले मुक्यांच्या यादीत सहज दिसतात आणि बोलणाऱ्यांच्या यादीत शोधावी लागतात, तेव्हा त्या मौनाला काही नियम असला पाहिजे, असे मानणे भाग आहे. माझे मत असे, की अशा ठिकाणी होणारे स्वागत हे सभासदांच्या अंतःकरणातील औदार्यापेक्षा त्या ग्रुपच्या रचनेवर, म्हणजे कोणाविषयी काय दिसते, कोणाला उत्तर मिळते आणि कोणाच्या हाती अंमल आहे यावर, फार अधिक अवलंबून असते. ही रचना कशी काम करते, ते क्रमाने पाहू.

अमेरिकेतील विद्यापीठांत हाच प्रश्न कृष्णवर्णीय आणि अन्य गौरेतर विद्यार्थ्यांविषयी बराच काळ विचारला जात आहे, आणि त्यासंबंधीचे प्रयोगही मुख्यतः तिकडेच झालेले आहेत. आपल्याकडे कातडीच्या रंगाचा जाच नाही असे मुळीच नाही. ईशान्येकडून किंवा आफ्रिकेतून येथे शिकायला आलेल्या कोणालाही विचारावे. तथापि मुंबईच्या वर्गात मुख्य रेघ ओढली जाते ती जातीची, आणि तिला लागून भाषेची व राहत्या पत्त्याची. या दोन्ही रेघांमधील साम्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चांगलेच ठाऊक होते, आणि १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाशी त्याच विषयावर पत्रव्यवहार केला होता. तिकडचे दाखले इकडे लावताना थोडी सावधगिरी हवी, पण ते अगदी परके नव्हेत.

फळ्यामागचे डबे

प्रश्न मोबाईलपेक्षा पुष्कळ जुना आहे. बाबासाहेब परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत होते, तेव्हाची एक हकिकत त्यांच्या चरित्रात नमूद आहे. शिक्षकांनी एक उदाहरण सोडवण्यासाठी त्यांना फळ्याकडे बोलावले. फळ्यामागे वर्गातील मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले असत. आणि विद्यार्थी भीमराव फळ्यापाशी पोहोचण्याआधीच ते डबे उचलण्यासाठी वर्गात एकच धांदल उडाली. शाळा सरकारी होती, दाखला रीतसर होता, फळ्याकडे बोलावणारे शिक्षकही अनुकूलच होते. कोणत्याही कागदावर त्या मुलाला मज्जाव नव्हता. मज्जाव होता तो इतरांच्या हालचालीत. पुढे १९१८ साली हेच गृहस्थ कोलंबिया विद्यापीठात शिकून येऊन सिडनेहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हाही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. सनद प्राध्यापकाची मिळाली, परंतु पाणी पिण्याची सहज मुभा काही मिळाली नाही.

आजच्या ग्रुपात डबे नाहीत आणि पाण्याचे भांडेही नाही, म्हणून तेथे शिवाशीव असू शकत नाही, असा एक भाबडा समज मधल्या काळात रूढ झाला होता. पडद्यावर सारे समान, अशी ग्वाही इंटरनेटच्या आरंभीच्या दिवसांत मोठमोठ्या लोकांनी दिली होती. पडद्यावर शरीर दिसत नाही हे खरे. परंतु जे दिसते ते जात ओळखण्यास आपल्याकडे पुरेसे असते.

नाव, मेरिट नंबर आणि पत्ता

पहिली गोष्ट आडनाव. तिच्याविषयी मराठी वाचकाला काही समजावून सांगावे लागू नये. दुसरी गोष्ट प्रवेशाची यादी. राज्याच्या सीईटी कक्षातर्फे अभियांत्रिकीच्या कॅप राउंडनंतर महाविद्यालयवार जी यादी प्रसिद्ध होते, तीत उमेदवाराचे नाव, मेरिट नंबर, पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि ज्या जागेवर प्रवेश मिळाला तिचा सांकेतिक प्रकार, हे सगळे एका ओळीत असते. ही यादी उघड असणे योग्यच आहे, कारण ती झाकून ठेवली तर गैरव्यवहारास रान मोकळे होईल आणि त्याचा फटका प्रथम राखीव जागांनाच बसेल. परंतु वशिलेबाजीला आळा घालण्यासाठी केलेला हा दस्तऐवज कोणी उचलून वर्गाच्या नव्या ग्रुपवर टाकला, की त्याचे कार्य पालटते. लेखापरीक्षणाचे साधन होते ते ओळखपरेडीचे साधन बनते.

यादी कोणी टाकली नाही तरी एका साध्या प्रश्नाने तेच काम होते. ‘तुझा रँक किती?’ या प्रश्नात वरवर पाहता चौकस स्नेहाशिवाय काही नसते; परंतु उत्तर ऐकताच श्रोता मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि समोरच्याचा प्रवर्ग ताडतो. पवईच्या आयआयटीने २०२३ साली विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचनांत, सहाध्यायाला प्रवेशपरीक्षेतील रँक किंवा गेटचे गुण विचारू नयेत, कारण तो जात शोधण्याचा प्रयत्न वाटू शकतो, असे स्पष्ट म्हटले. सूचना निघाली तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली; मला ती त्या संस्थेने केलेल्या शहाण्या गोष्टींपैकी एक वाटते, कारण तिने उपदेश न करता नेमक्या वर्मावर बोट ठेवले.

तिसरी वाट सर्वांत निरुपद्रवी दिसते. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली, की ज्यांचे अर्ज अपुरे आहेत त्यांची यादी कार्यालयातून सरळ वर्गाच्या ग्रुपवर येऊन पडते: अमुक अमुक, जातीचा दाखला बाकी, तमुक, उत्पन्नाचा दाखला बाकी. कारकुनाच्या मनात वाकडे काही नसते, त्याला काम उरकायचे असते. परंतु सव्वाशे जणांसमोर वीस जणांच्या घरचे कागद उघडे पडतात. तोच मजकूर ज्याचा त्याला धाडला असता, तर दहा मिनिटे अधिक लागली असती. आणि चौथी गोष्ट म्हणजे पत्ता. ‘राहतोस कुठे?’ या प्रश्नाला ‘नायगावची बीडीडी’ किंवा ‘समाजकल्याणचे वसतिगृह’ असे उत्तर देताना तोंडातून जे बाहेर पडते, ते केवळ भूगोल नसतो.

आता कोणी म्हणेल, की जात समजली म्हणून बिघडले काय? येथे एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघी अभ्यासकांनी उत्तर प्रदेशातील खेड्यातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले आणि सुटलेल्या प्रत्येक चक्रव्यूहामागे पैसे देऊ केले. मुलांच्या जाती उच्चारल्या गेल्या नाहीत तेव्हा उच्च मानलेल्या जातींच्या आणि दलित मुलांच्या कामगिरीत म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. त्याच प्रकारच्या मिश्र गटात आरंभी प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा मात्र दलित मुलांची कामगिरी सुमारे एक-पंचमांशाने घसरली. जागतिक बँकेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासातील कोणा मुलाला कोणी शिवी दिली नव्हती, हिणवले नव्हते, धमकावले नव्हते. नुसते वाचून दाखवले होते. ज्याला आपली जात सर्वांसमोर मांडली गेल्याचे ठाऊक आहे, तो पुढचे प्रत्येक पाऊल टाकताना आपण चुकलो तर चूक आपली धरली जाईल की साऱ्या जमातीची, याचा हिशेब करत राहतो, आणि तो हिशेब मूळ कामातली ताकद खातो, असे याचे एक स्पष्टीकरण देतात. प्रयोगकर्त्या स्त्रियांनी आणखी एक दिले आहे, की ज्याला न्याय मिळेल याचा भरवसाच नाही तो जीव तोडून कशाला धावेल? दोन्ही स्पष्टीकरणे वर्गाच्या ग्रुपला लागू पडतात.

पहिला प्रश्न

ओळख पटल्यानंतरचा प्रसंग म्हणजे पहिला प्रश्न. गिरगावच्या चिकित्सकसारख्या किंवा परळच्या आर. एम. भटसारख्या मराठी शाळेतून आलेला विद्यार्थी प्रथमच इंग्रजीत चाललेल्या ग्रुपात काही विचारू पाहतो. वाक्य जुळवतो, काळ तपासतो, स्पेलिंग पाहतो, खोडतो, पुन्हा लिहितो. तोवर वर चाळीस संदेश वाहून गेलेले असतात आणि विषय पालटलेला असतो. तरीही धीर करून त्याने प्रश्न टाकला आणि त्याखाली दुसऱ्याच कोणाचा विनोद येऊन बसला, तर त्या अनुत्तरित ओळीचा अर्थ तो काय लावील? बोलघेवड्या सभासदाच्या प्रश्नालाही कधी कधी उत्तर मिळत नाही, पण तो ‘कोणी पाहिले नसेल’ म्हणून पुन्हा विचारतो. ज्याला आपले येथे असणे आधीच संशयास्पद वाटते, तो त्याच शांततेत निकाल वाचतो.

एलिझाबेथ जॉइस आणि रॉबर्ट क्राउट या अभ्यासकांनी २००६ साली सहा सार्वजनिक इंटरनेट-चर्चागटांतील नवागतांचे पहिले संदेश तपासले, तेव्हा ज्यांच्या पहिल्या संदेशाला उत्तर मिळाले होते ते पुन्हा लिहिण्याची शक्यता अधिक आढळली. हा निष्कर्ष ऐकून कोणी चकित होणार नाही, तरी त्यातून निघणारे काम मात्र आपण करत नाही. मुंबईकराला ते चौथ्या सीटच्या भाषेत चटकन समजेल. लोकलच्या बाकावर जागा तिघांची. चौथ्याने बसावे असा रेल्वेचा कोणताही कायदा नाही. पण चौथा येऊन उभा राहिला, की कडेचा मनुष्य किंचित आत सरकतो, मधला त्याहून किंचित सरकतो, आणि चौथ्याला टेकण्यापुरती फळी मिळते. चौथ्याने कितीही धीटपणा दाखवला तरी तिघे हलले नाहीत तर तो उभाच राहणार. ग्रुपात जुन्याने सरकायचे म्हणजे एवढेच, की नवागताच्या प्रश्नाला त्याच दिवशी, त्याचाच संदेश धरून, त्याने ज्या भाषेत विचारले त्या भाषेत उत्तर द्यायचे. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर गेले, की पाहणाऱ्या आणखी दहा मुक्यांना कळते, की येथे मराठी चालते. त्यासाठी फलक लावण्याची गरज उरत नाही.

यापुढचा उपाय संशयाच्या मुळाशी जाणारा आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतील एका नामांकित विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराचा एक पाठ दिला. त्यात वरच्या वर्गांतील सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांनी सांगितले होते, की प्रारंभी आपण येथे परके आहोत असे आम्हा सर्वांनाच वाटत होते आणि कालांतराने ते ओसरले. नवागतांनी ते वाचून स्वतःचा अनुभव पुढील वर्षीच्या मुलांसाठी लिहायचा, इतकेच. त्यांचा २०११ सालचा निबंध सांगतो, की पुढील तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गौरवर्णीयांशी असलेले त्यांचे अंतर निम्म्याने घटले. आपल्याकडे ज्येष्ठांनी ग्रुपवर ‘मलाही पहिल्या सत्रात काही कळत नव्हते’ असे चार ओळींत लिहिले तर त्याला दमडी लागत नाही. मात्र या प्रयोगाची एक अट विसरता कामा नये: परकेपणाची भावना ओसरते, हे आश्वासन खरे असले पाहिजे. ज्या ग्रुपात दर आठवड्याला ‘कोट्यावाल्यां’वर मीम येतात, तेथे असे पत्र वाचून दाखवणे ही फसवणूकच होईल.

ॲडमिन नावाचा मुखत्यार

ग्रुप उघडणारा मुलगा, न मागताच, एक छोटासा सत्ताधीश होतो. कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, कोणता संदेश सर्वांसाठी पुसायचा, बोलण्याची मुभा सर्वांना ठेवायची की केवळ स्वतःला, हे त्याच्या अंगठ्यावर असते. कायद्याने तो किती बांधील आहे? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली असा निर्णय दिला, की सामाईक हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत नसेल, तर सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही. निर्णय न्याय्य आहे. परंतु पुष्कळ ॲडमिनांनी त्यातून ‘आपले काही कामच नाही’ असा जो अर्थ काढला, तो त्यात नाही.

महाविद्यालयांची गोष्ट निराळी. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली रॅगिंगविरोधी नियमावलीत दुरुस्ती करून वर्ण, वंश, धर्म, जात, लिंग, भाषा, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण, आर्थिक स्थिती अशा कारणांवरून केलेला मानसिक छळ, आणि त्यात वाळीत टाकणेही, रॅगिंग म्हणून गणले. ‘हा वर्गाचा खासगी ग्रुप आहे, संस्थेचा त्याच्याशी संबंध नाही’ असे म्हणण्याची सोय त्यामुळे फारशी राहिलेली नाही. त्याआधी २०१२ सालीच आयोगाने प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि भेदभावाच्या तक्रारींसाठी अधिकारी नेमावा असे फर्मान काढले होते. ते कितपत अमलात आले हा प्रश्न आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या मातांनी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. जळगाव जिल्ह्यातून मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात शिकायला आलेल्या, तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल यांनी त्याच वर्षीच्या मे महिन्यात आत्महत्या केली. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून झालेल्या कथित अपमानांत व्हॉट्सॲप ग्रुपवरील टोमण्यांचाही समावेश होता, असा कुटुंबाचा आरोप होता. त्या आरोपांचा निवाडा करणे न्यायालयाचे काम आहे. आपल्या विषयापुरते एवढेच ध्यानात घ्यायचे, की ज्या ग्रुपवर कामाची वाटणी होते तो ग्रुप सोडण्याची मुभा कनिष्ठाला नसते. आणि जेथून बाहेर पडता येत नाही तेथे टोमण्याचे वजन शतपट होते.

अंमल खुद्द शिक्षकाच्या हाती असला म्हणजे काय होते, ते खरगपूरच्या आयआयटीतील ऑनलाइन वर्गाच्या चित्रफितीने एप्रिल २०२१ मध्ये देशाला दाखवले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग विद्यार्थ्यांसाठी असलेल्या पूर्वतयारीच्या वर्गात एक प्राध्यापिका विद्यार्थ्यांना अपशब्द बोलत होत्या आणि सारा वर्ग निमूट ऐकत होता. चित्रफीत बाहेर आल्यावर त्यांना निलंबित करण्यात आले. वर्गाच्या चार भिंतींत असे पूर्वीही घडत असेल, पण तेव्हा साक्षीदार नव्हता. पडद्यावरच्या वर्गाने अपमानही पोचवला आणि त्याचा पुरावाही सांभाळला.

नियम आधी सांगितल्याने फरक पडतो का, याचीही परीक्षा झालेली आहे. रेडिट या संकेतस्थळावरील विज्ञानचर्चेत, जिचे सभासद कोटीहून अधिक होते, नेथन मटायस यांनी काही चर्चांच्या माथ्यावर आचारनियम ठळकपणे लावले आणि काहींवर लावले नाहीत. त्यांच्या २०१९ सालच्या निबंधानुसार नियम लावलेल्या चर्चांत नवागतांचे नियमपालन सुमारे ८ टक्केबिंदूंनी वाढले. परंतु त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की तेथे नवागतांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम लावले तर लोक बिचकून गप्प बसतील, ही आपली नेहमीची भीती येथे उलटी ठरली. येथे काय चालते हे ज्याला परंपरेने ठाऊक असते, त्याला लेखी नियमांची गरज नसते. ज्याला ठाऊक नसते, त्याला लेखी नियमच धीर देतात.

चौकट : ग्रुपच्या माथ्यावर पिन करण्याजोगा मसुदा
हा ग्रुप आपल्या तुकडीतील सर्वांचा आहे. मराठी, हिंदी, इंग्रजी, जी जमेल ती भाषा आणि जी जमेल ती लिपी चालेल. पर्सेंटाइल, कॅटेगरी, जात किंवा फीची सवलत यांविषयी कोणी कोणाला विचारणार नाही. त्यासंबंधीची यादी, स्क्रीनशॉट वा विनोद येथे टाकणार नाही. तसे काही आले तर ॲडमिन ते पुसेल, कारण सांगेल आणि टाकणाऱ्याशी खासगीत बोलेल. पुन्हा घडल्यास त्याला महिनाभर ग्रुपबाहेर ठेवले जाईल. विचारलेला प्रश्न त्या दिवशी अनुत्तरित राहणार नाही, हे पाहण्याचे काम दर आठवड्याला दोघांकडे असेल. दोन्ही ॲडमिन दर सत्राला बदलतील, आणि त्यांच्यापैकी एक तरी वसतिगृहातला असेल. तक्रार ॲडमिनविरुद्धच असेल तर ती समान संधी कक्षाकडे न्यावी.

कोणी टोकावे?

मसुदा मंजूर झाला, आणि चार दिवसांनी एक ‘फॉरवर्ड’ आलाच. आता बोलायचे कोणी? आपला रिवाज असा, की ज्याला लागले त्यानेच ओरडावे. आणि तो ओरडला की ‘अरे, मस्करी होती, इतके मनावर काय घेतोस’ म्हणून त्यालाच हळवा ठरवावे. केव्हिन मंगर यांचा २०१७ सालचा ट्विटरवरील प्रयोग या बाबतीत बोलका आहे. वंशद्वेषी शिवी वापरणाऱ्या गौरवर्णीय पुरुषांना त्यांनी रचलेल्या खात्यांतून टोकण्यात आले. काही खाती कृष्णवर्णीयाची भासणारी होती, काही गौरवर्णीयाची, काहींना अनुयायी पुष्कळ होते, काहींना थोडे. शब्द सर्वांचे सारखेच होते. शिव्यांचे प्रमाण लक्षणीय घटले ते मात्र पुष्कळ अनुयायी असलेल्या, गौरवर्णीय भासणाऱ्या खात्याने टोकले तेव्हाच.

हा निष्कर्ष कोणाला सुखावह वाटणार नाही, कारण अपमानिताच्या शब्दाला वजन कमी, असेच तो सांगतो. परंतु काम कोणाचे, हेही तो तितक्याच स्पष्टपणे सांगतो. ज्या दहा-पंधरांच्या बोलण्याने ग्रुप चालतो, त्यांच्यापैकी एकाने, विशेषतः फॉरवर्ड टाकणाऱ्याच्याच मित्राने, ‘हे काढ रे, बरोबर नाही’ एवढे पाच शब्द लिहिले, तर दुखावलेल्या मुलाच्या पाचशे शब्दांच्या निबंधाने होणार नाही ते होते. व्याख्यान देऊ नये. व्याख्यानाने टाकणारा हट्टास पेटतो आणि बाकीचे तमाशा पाहतात.

सकाळचे कॉलेज आणि आपापली बैठक

याच शहरात रचना बदलून स्वागत कसे होते याचा एक जुना आणि भक्कम दाखला आहे. बाबासाहेबांनी जुलै १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. ते सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना खुले होते. निराळ्यांसाठी निराळे कॉलेज अशी ती तजवीज नव्हती. पण दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग भरत, आणि विद्यार्थ्यांची स्वतःची पार्लमेंट होती, जेथे उभे राहून रीतसर ठराव मांडण्याची सवय लागे. घड्याळ बदलले तेव्हा गिरणगावातला कारकून वर्गात आला. सभागृह मिळाले तेव्हा तो बोलू लागला.

त्याच्या जोडीला आपापली बैठकही हवी असते. पवईच्या आयआयटीत आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कल आहे. अन्य महाविद्यालयांत दलित, आदिवासी विद्यार्थ्यांचे छोटे, अनौपचारिक ग्रुप असतात, आणि ‘हे वेगळे का बसतात?’ असा आक्षेप त्यांवर हमखास घेतला जातो. सारस्वतांच्या, कच्छींच्या, एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर तो कोणी घेत नाही, हे बाजूला ठेवू. ज्याला मोठ्या ग्रुपात बोलायचे आहे त्याला आधी कोठेतरी मसुदा वाचून दाखवायचा असतो, ‘असे माझ्याच बाबतीत घडते की तुझ्याही?’ हे विचारायचे असते. ती जागा असली तर तो मोठ्या ग्रुपात अधिक बोलतो, कमी नव्हे, असे माझे निरीक्षण आहे.

ग्रुपच्या पोटातले ग्रुप

एवढे सर्व नीट बसवले तरी एक अडचण उरते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर तीच सर्वांत कठीण आहे. मोठा ग्रुप सभ्य झाला, की खरा व्यवहार तेथून उठून जातो. पाच-सात जणांचे निराळे ग्रुप होतात; गेल्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका, वरच्या वर्गातल्या ताईच्या वह्या, कोणत्या कंपनीत इंटर्न घेत आहेत, कोणत्या सरांकडे प्रोजेक्ट मिळेल, ही बातमी तेथे फिरते, आणि मोठ्या ग्रुपात उरतात सणांच्या शुभेच्छा. मैत्री कोणाशी करावी याचा नियम करता येत नाही व करूही नये. परंतु मैत्रीतून वाहणारी प्रत्येक गोष्ट खासगी नसते. जुन्या प्रश्नपत्रिका ग्रंथालयाने मांडून ठेवायच्या आहेत. इंटर्नशिपची सूचना विभागाने एकाच वेळी, एकाच ठिकाणी, सर्वांना द्यायची आहे. प्रोजेक्टचे गट मुलांच्या मर्जीवर सोडण्याऐवजी निदान पहिल्या वर्षी शिक्षकांनी चिठ्ठ्या टाकून पाडायचे आहेत. चिठ्ठीने पाडलेल्या चौघांच्या गटाचा जो ग्रुप होतो, त्यात अंगठा दाखवून भागत नाही, कारण शुक्रवारी अहवाल द्यायचा असतो आणि चौथ्याने आपला भाग लिहिला की नाही, हे उरलेल्या तिघांना त्याला विचारावेच लागते.